दुपारचं गाणं

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आवराआवरीत माळ्यावरून माझी पेटी खाली आली. लग्नात माहेरून बरोबर आलेली, जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली. उंदरांनी भात्याची एक बाजू कुरतडली होती आणि वरच्या तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. लेकीनं विचारलं, "ही कुणाची गं?" म्हटलं, "माझीच की. तीन परीक्षा झाल्यात माझ्या." ती खो खो हसली. तिचंही चुकलं नाही म्हणा. पंधरा वर्षांत तिनं मला कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे सुरात काही करताना ऐकलेलंच नव्हतं!

मैत्रिणींनो, अशा पेट्या आपल्या भागात किती घरांत असतील? आष्टा, इस्लामपूर, तासगाव, पलूस, कुठंही जा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशी मुलगी एकेक पायरी चढत जाते. ज्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षा, त्याचं कार्यालयही आपल्या मिरजेतच. मग लग्नाच्या बायोडेटात 'गायनाच्या तीन परीक्षा' अशी एक ओळ पडते. बघायला आलेली मंडळी एखादं भावगीत म्हणायला लावतात, छान छान म्हणतात, आणि लग्न झालं की पेटी माळ्यावर. कुणी बंदी घातलेली नसते बरं का. नुसतं 'कधी' हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर काही सापडत नाही.

आमच्या आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी पेटी पुसताना बघत होते त्या दिवशी पहिल्यांदा गाण्याबद्दल बोलल्या. त्यांचं वय आता ब्याऐंशी. म्हणाल्या, "तुझं मामंजी दरसाल मिरजंला जायचं. उरसाला. रातभर गाणं ऐकून सकाळच्या गाडीनं यायचं. मी विचारायची, कसं झालं गाणं? तर म्हणायचं, लई भारी झालं. म्हंजे कसं झालं, ते काय सांगायचं न्हाईत." आणि मग हळूच, "मला कुठं न्हेलंय कुणी?"

त्यांनी गाणं ऐकलं ते रेडिओवर. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, त्यानंतर घरात रेडिओ आला. तो असायचा सोप्यात, पुरुषमाणसांत. आत्ती सैपाकघरात. भाकरी थापायचा आवाज मधे येऊ नये म्हणून गाणं लागलं की त्या पीठ मळायला घ्यायच्या, भाकऱ्या नंतर. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला हसूही आलं आणि कसंतरीच झालं. साठ वर्षं त्या गाण्याच्या इतक्या जवळ होत्या, पण समोर बसून ऐकलेलं एकही नाही.

मिरज म्हणजे आपल्याला काय? दवाखाने, रेल्वे जंक्शन, साखरपुड्याची खरेदी. आष्ट्याहून एसटीनं सांगली, पुढं मिरज, तासा-सव्वातासाचा रस्ता. पण गाणाऱ्या माणसांना विचारलं तर ते कानाच्या पाळीला हात लावतात. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेकडच्या कैराना गावचे, पण राहिले मिरजेत. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहान स्टेशनावर त्यांचं निधन झालं. पार्थिव तिथून मिरजेला आणलं. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली बसून ते गायचे, म्हणून उरसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते. तीच ही, मामंजींची. या उरसाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मानाचा गलेफ असतो तो चर्मकार समाजाचा.

याच खाँसाहेबांची लेक म्हणजे हिराबाई बडोदेकर. जन्म १९०५ चा, मिरजेतलाच. हिराबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, मला मात्र त्यांच्या आईबद्दल, ताराबाई माने यांच्याबद्दल जास्त कुतूहल वाटतं. बडोद्याच्या दरबाराशी संबंध असलेल्या घरातल्या ताराबाई, गाणं शिकवायला येणाऱ्या खाँसाहेबांबरोबर संसार मांडायला घराबाहेर पडल्या. पुढं १९२२ च्या सुमारास पाच मुलांना घेऊन त्यांनी तेही घर सोडलं. आपलं आडनाव मुलांना लावलं. त्या काळात पाच मुलं पदरात घेऊन, दुसरा कुणाचा आधार नसताना! त्या पाचांतले सुरेशबाबू माने, हिराबाई आणि सरस्वतीबाई राणे ही तीन नावं पुढं महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली.

हिराबाईंनी काय केलं, तर पुरुष गवय्यांसारखं मंचावर बैठक मारून, अंगभर पदर घेऊन, लोकांसमोर ख्याल गायला. तिकीट लावून केलेल्या मैफलीत बाई गाते, आणि ते ऐकायला घरच्या बायकांना घेऊन यायला हरकत नाही, ही वाट ज्यांनी पाडली त्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. आपण त्यांच्या गाण्याबद्दल बोलतो, पण त्यांच्यामुळं समोरच्या सतरंजीवर बायकांना जागा झाली, हे फारसं कुणी बोलत नाही. आष्ट्यातल्या आमच्या सोप्यापर्यंत मात्र ती सतरंजी काही पोचली नव्हती.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. युरोपात एक संगीताचा प्रकार आहे, 'चेंबर म्युझिक'. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या नाट्यगृहात शंभर वादक एकदम वाजवतात तसलं हे नाही. खोलीत तीन-चार-पाच वादक बसतात, ऐकणारे हाताच्या अंतरावर. दोन व्हायोलिन, त्याहून जरा जाड आवाजाचं व्हिओला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा मोठा चेलो, असा चौघांचा संच सगळ्यांत प्रसिद्ध. आपल्याकडं मुंबईत मेहली मेहता यांनी, जगप्रसिद्ध झुबिन मेहतांच्या वडिलांनी, १९४० साली असा चौघांचा संच बांधला होता. आजही मुंबईच्या एनसीपीएत २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यातले वादक अशा लहान संचांतूनही वाजवतात. लेकीकडं, भाच्याकडं मुंबईला गेलात तर मॉलमध्ये एक दुपार कमी घालवा आणि चौकशी करा. कळलं नाही तरी चालेल. चौघं एकमेकांकडं कसं बघतात, एक थांबला की दुसरा कसा उचलतो, एवढं बघितलं तरी पुरे. चार जावा एका सैपाकघरात न भांडता काम करतात ना, तसं!

पण हे वाचून मला वाटलं, अगंबाई, ही तर आपली बैठक! गाणारी, तबलजी, पेटीवाले, मागं तंबोरा. खोली तीच, माणसं तितकीच. आणि ऐकणारे इतके जवळ, की गाणारीनं श्वास कुठं घेतला तेही कळावं.

या जवळिकीची सगळ्यांत सुंदर गोष्ट घडली ती सांगलीत. १९१९ च्या सुमारास गोव्याहून आलेली पंधरा वर्षांची एक मुलगी तिथं राहत होती. आई लहानपणीच गेलेली, नाटक कंपन्यांतून गाऊन पोट भरलेलं, आता तेही सुटलेलं. ती खोलीत एकटीच रियाज करायची. त्या वेळी जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब सांगलीला वैद्य सांबरे यांच्याकडं औषधोपचारासाठी आलेले. येता-जाता त्यांच्या कानावर हा आवाज पडला. एक दिवस ते आत आले, बसून ऐकलं, आणि शिकवायला लागले. आपण कुणाकडं शिकतोय हे त्या मुलीला आधी ठाऊकही नव्हतं म्हणतात. त्या मोगूबाई कुर्डीकर. किशोरी आमोणकरांच्या आई. सांगलीच्या त्या रस्त्यावरून आपण कितीदा गेलो असू, बसस्टँडवर पेरू घेत!

असो. पेटीकडं येते. दुरुस्तीला मिरजेला नेली, तेव्हा सतारमेकर गल्लीत पाऊल टाकलं. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथं सतारी-तंबोरे करायला घेतले, ते आजतागायत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता दुसऱ्या कुणी कुठंही करून 'मिरजेचा तंबोरा' म्हणून विकायचा नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानातून येणारे भोपळे तिथं वाळत टांगलेले असतात. आपण भाजीला घेतो तो भोपळा नव्हे हो, हा कडू, जाड सालीचा.

एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होता. तारा जिच्यावरून जातात ती घोडी कानशीनं जराशी घासायची, तार छेडायची, कान लावायचा. पुन्हा घासायची. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर मागं-पुढं केला आणि एका क्षणात तो मुका आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमायला लागला. मी तिथंच पायरीवर बसले. त्यानं सांगितलं, बायकांच्या गळ्याचा तंबोरा वेगळा असतो, भोपळा लहान, पट्टी वरची. तारा चारच, पंचम, दोन जोडाच्या आणि खर्ज. तंबोरा धरून मागं बसणारी मुलगी तीन-तीन तास त्याच चार तारा त्याच क्रमानं छेडत राहते. तिचं नाव पेपरात येत नाही. पण ती थांबली तर गाणारीच्या पायाखालची जमीन जाते. आपल्या ओळखीच्या कितीतरी बायका आठवल्या मला.

पेटी वाजायला लागली, तेव्हा आमच्या भिशीत विषय काढला. आम्ही अकराजणी. भिशीत काय होतं, तर चिवडा, चहा, कुणाच्या सुनेचं आणि कुणाच्या सासूचं. मी म्हटलं, महिन्यातून एक दुपार गाणं ठेवू या. एकजण लगेच म्हणाली, "दुपारी? गाणं संध्याकाळी असतंय." आणि खरी गंमत इथंच झाली.

संध्याकाळी आपल्याला कुठला वेळ? मुलं क्लासहून येतात, दूध येतं, नवरा येतो, सैपाक असतो. आपली वेळ अडीच ते पाच. जेवणं आटोपलेली, भांडी झालेली, चहाला अवकाश. आणि शास्त्रीय संगीतात या वेळेचे स्वतंत्र राग आहेत! दिवस डोक्यावर आला की सारंगाचे प्रकार, तिसऱ्या प्रहरी भीमपलास, पटदीप, ऊन कलायला लागलं की मुलतानी, मधुवंती. शहरातल्या मैफली बहुतेक संध्याकाळी, ऑफिसं सुटल्यावर. त्यामुळं यमन, पूरिया, बागेश्री पुन्हा पुन्हा कानावर पडतात आणि हे दुपारचे राग मैफलीत ऐकायला मिळणं दुर्मीळ झालंय. म्हणजे जी वेळ फक्त आपल्याकडं आहे, त्याच वेळेचं गाणं गायला जागा नाही. जमलं की नाही गणित?

गाणारी कुठून आणायची, हाही प्रश्न लगेच सुटला. सांगली-मिरजेत विशारद, अलंकार करणाऱ्या किती मुली आहेत. त्यांना रियाज असतो, गुरू असतात, परीक्षा असतात. नसतात ते ऐकणारे. परीक्षकासमोर पंधरा मिनिटं गाणं वेगळं आणि समोर अकरा बायका मन लावून बसल्यात, तिथं तासभर गाणं वेगळं.

पैशाचं मात्र मी स्पष्टच बोलले. प्रत्येकीनं दोनशे रुपये काढायचे. त्यातून गाणारीची आणि तबलजीची बिदागी, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. एकजणीचं म्हणणं पडलं, "मुलगीच आहे, घरचीच समजायची. नारळ आणि ब्लाउजपीस देऊ की." नाही. तबलजीला पाकीट आणि गाणाऱ्या पोरीला ब्लाउजपीस, हे आपणच आपल्या बायकांचं करतो. ब्लाउजपीस द्यायचाच असेल तर पाकिटावर ठेवून द्या. यावर थोडी कुरबूर झाली, एकजण दोन महिने आलीच नाही. आता येते.

पहिली बैठक मार्गशीर्षात आमच्याच सोप्यात झाली. टीव्ही झाकला. पंख्याचा आवाज नको म्हणून बंद केला, थंडीच होती. माइक नाही. ती पोरगी आली, विशीतली, तिच्याबरोबर तिचा तबला वाजवणारा भाऊ. तंबोरा लावायला वीस मिनिटं घेतली. आमच्यातल्या दोघी-तिघी कुजबुजल्या, सुरू कधी होणार? मग सांगावं लागलं, हेही गाण्यातलंच आहे, निरसं दूध तापायला वेळ लागतोच. तिनं भीमपलास घेतला. विलंबितात पहिली दहा मिनिटं तर एकेका सुरावर ती नुसती उभी होती. कुणी चुळबुळ केली, कुणाचा फोन वाजला (बंद करायला सांगितलं होतं!), बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. तिनं डोळे मिटले, सूर सोडला नाही. मग हळूहळू काय झालं सांगता येत नाही. 'लई भारी झालं' म्हणजे काय, मामंजींना का सांगता येत नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आत्ती आतल्या दाराशी पाटावर बसल्या होत्या. सवयीनं. "पुढं या," म्हटलं तर "हितनं ऐकू येतंय की" म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात दार ओलांडून आल्या. तिसऱ्या महिन्यात भिंतीला टेकून. गाणं संपल्यावर पोरीला म्हणाल्या, "त्या मधल्या जाग्याला तू जरा थांबलीस, ते मला ग्वाड वाटलं." ती पोर पटकन वाकून पाया पडली. त्या थांबण्यासाठी तिच्या गुरूंनी तिच्याकडून सहा महिने घासून घेतलं होतं म्हणे!

आतापर्यंत सात बैठका झाल्यात. वैशाखात उकाड्यानं आणि लग्नांमुळं दोन बुडाल्या, भावईच्या दिवसांत घरोघरी पाहुणे म्हणून एक बुडाली. आमच्यातल्या दोघींनी पुन्हा पेटी काढलीय. एकीचा आवाज फाटलाय, ती म्हणते फाटका तर फाटका. दिवाळीनंतरच्या बैठकीत पहिली वीस मिनिटं आमच्यातलीच एक गाणार, असं ठरवलंय. कोण, ते चिठ्ठी टाकून. (माझी निघू नये, आणि निघावीही!)

आणि त्याआधी बाहेर जायचं ठरतंय. तुम्हीही आपापल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. घटस्थापना तोंडावर आलीय, मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव असतो, देवीचं दर्शन आणि गाणं दोन्ही होतं. त्यानंतर कोजागिरी झाली की अश्विन वद्य पंचमीला सातारा जिल्ह्यात औंधला दत्ताच्या देवळात संगीत महोत्सव. अंतूबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या, स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला. तिथं दिवसाही गाणं असतं, म्हणजे सकाळ-दुपारचे राग! मुक्कामाला जमणार असेल तर औंधचं वस्तुसंग्रहालय आणि यमाईचा डोंगरही होतो. कोल्हापुरात १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब आहे, अंबाबाईला जाल तेव्हा तिथं पुढचा कार्यक्रम कधी ते विचारून या. डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतोच, १९५३ पासूनचा. पण तो हजारोंचा मेळा, पडद्यावर बघायचा. एकदा जरूर जा, पण खोलीतल्या गाण्याची भूक त्यानं भागत नाही, असं माझं मत. मिरजेचा उरूस चंद्राच्या महिन्यावर, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. तेव्हा तारीख आधी विचारून घ्यायची.

अडचण गाण्याची नाहीच, परतीची आहे. रात्री शेवटची एसटी गाठायची म्हटलं तर गाणं रंगात यायला आणि आपण चपला शोधायला एकच गाठ. म्हणून अकराजणींनी मिळून एक जीप ठरवलीय. घरी सैपाक करून, झाकून जायचं. एकीच्या घरी "बायकांनी रात्रीचं कशाला" असं झालं, तिच्या सासऱ्यांना आम्ही सांगितलं, तुम्हीही चला. ते येताहेत. पुढच्या सीटवर.

आत्तींचं मात्र अजून पक्कं नाही. गुडघे साथ देत नाहीत. मी म्हटलं, मागच्या बाजूला तुमच्यासाठी खुर्ची ठेवायला सांगते, कालच फोन करून विचारलंय.

"खुर्ची नगं," त्या म्हणाल्या. "आन् मागं तर न्हाईच. म्होरं बसायचं. उठायला लागलं तर तुमी दोघी उठवा मला."

काल संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून इरकल काढून उन्हात घातलीय.